हॉलचे रूप पालटताना आधी काय विझवावे

मुंबईतल्या कोणत्याही मध्यम आकाराच्या हॉलमध्ये सकाळी सहा वाजता पाऊल टाकले, की दृश्य थोड्याफार फरकाने सारखेच असते. छताला ओळीने लावलेल्या पांढऱ्या ट्यूबा, त्यांच्यामधून लोंबणारे पंखे, चकचकीत टाइल्सच्या भिंती, एका टोकाला दोन फूट उंचीचा स्टेज आणि त्यामागच्या भिंतीवर गेल्या अनेक कार्यक्रमांच्या चिकटपट्ट्यांचे डाग. या जागेला काही तासांत लग्नाचे, साखरपुड्याचे किंवा गाण्याच्या बैठकीचे रूप द्यायचे असते. अशा वेळी बहुतेक मंडळी आणखी किती दिवे आणायचे, या प्रश्नापासून सुरुवात करतात. इतकी वर्षे हेच काम करत आल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की पहिला प्रश्न वेगळा हवा : या हॉलमध्ये आधीच जे जळते आहे, त्यातले काय विझवायचे?

याचे कारण आपल्या डोळ्यांत आहे. माणसाची नजर समोरच्या दृश्यातल्या सर्वांत उजळ जागेकडे आपोआप जाते. छतावरच्या ट्यूबा पूर्ण तेजाने चालू असताना स्टेजवर कितीही महागडे दिवे लावले, तरी पाहुण्याला उजळ दिसते ते छत, एसीची जाळी आणि समोरच्या खुर्चीवरचे प्लास्टिक. दादरच्या शिवाजी मंदिरात तिसरी घंटा झाल्यावर प्रेक्षागृहातले दिवे सावकाश मंदावतात आणि पडदा उघडण्याआधीच कुजबुज थांबते, हे नाटकाला जाणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेले आहे. त्या क्षणी नवीन दिवा एकही लागलेला नसतो. केवळ काही दिवे विझलेले असतात, आणि तरीही जागा बदललेली असते.

जागा पाहायला जाताना

हॉल पाहायला कार्यक्रमाच्या वेळीच जावे. संध्याकाळच्या स्वागत समारंभासाठी दुपारी बारा वाजता हॉल पाहिला, तर त्याचा काहीही उपयोग होत नाही. आणि आपल्याकडची बरीचशी लग्ने दिवसाच्या मुहूर्तावर लागत असल्यामुळे रात्री हॉल पाहून ठरवलेली योजना खिडक्यांतून येणाऱ्या उजेडापुढे फिकी पडते. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी ऋतूचाही विचार करावा लागतो, कारण डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जूनअखेरीस सव्वासात वाजून गेले तरी बाहेर उजेड असतो.

सोबत मेजर टेप, कागद आणि चिकटपट्टी घ्यावी. हॉलची लांबी-रुंदी तर मोजावीच, परंतु त्याहून महत्त्वाची असते उंची, आणि ती छतापर्यंतची नव्हे, तर पंख्याच्या पात्यापर्यंतची व तुळईच्या खालच्या कडेपर्यंतची. मग स्विचबोर्डापाशी उभे राहून एकेक बटण बंद करत कोणत्या बटणावर कोणती ट्यूब आहे ते कागदावर लिहून घ्यावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुष्कळ हॉलमध्ये स्टेजवरच्या आणि पहिल्या तीन रांगांवरच्या ट्यूबा एकाच बटणावर असतात, आणि ही गोष्ट कार्यक्रम सुरू झाल्यावर कळून उपयोग नसतो. जी ट्यूब बटणाने बंद होत नाही, ती व्यवस्थापकाच्या परवानगीने इलेक्ट्रिशियनकडून काढून ठेवावी. जिने, स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट आणि बाहेर पडण्याच्या दारांवरच्या पाट्या यांना मात्र कधीही हात लावू नये.

विजेचा हिशेब

हॉलच्या वायरमनला दोन गोष्टी विचाराव्यात : मंजूर भार (हॉलला एका वेळी वापरता येणारी वीज) किती आहे, आणि स्टेजजवळ कोणत्या फेज (पुरवठ्याच्या वेगवेगळ्या तारा) उपलब्ध आहेत. त्यानंतरचे गणित सोपे आहे. सगळ्या दिव्यांचे वॅट एकत्र करून त्यांना २३० ने भागले, की किती अँपिअर लागतील याचा साधारण अंदाज मिळतो. दीडशे वॅटचे सोळा एलईडी पार (पसरट झोताचे दिवे), दोनशे वॅटचे सहा प्रोफाइल (झोताला आकार देता येणारे) आणि तीनशे वॅटचे चार मूव्हिंग हेड (झोत फिरवता येणारे) धरले, तर एकूण ४,८०० वॅट, म्हणजे सुमारे २१ अँपिअर होतात. एवढा भार १६ अँपिअरच्या एका प्लगवर टाकता येत नाही, तो निदान दोन स्वतंत्र लाइनींवर वाटावा लागतो. पूर्वी हजार वॅटचे सोळा पारकॅन (जुने, एलईडी नसलेले पार) लावले की सत्तर अँपिअरच्या घरात जाणारा भार येई आणि जनरेटरशिवाय इलाज नसे, हे आठवले की एलईडीने छोट्या हॉलवर किती उपकार केले आहेत ते लक्षात येते.

या हिशेबात केटररला विसरू नये. एका लग्नात मी दिव्यांचा भार काटेकोरपणे वाटला होता, परंतु स्टेजमागच्या ज्या लाइनवर माझे समोरचे दिवे होते, तिच्यावरच कुणीतरी कॉफीचे मशीन जोडले, आणि शेवटचे मंगलाष्टक सुरू असताना एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) पडला. नवरा-नवरी अंधारात, आणि वीज परत येईपर्यंत अंतरपाट दूर झालेला. तो क्षण त्या कुटुंबाला मी परत देऊ शकलो नाही, याची चुटपुट आजही आहे. तेव्हापासून मी दिव्यांच्या प्रत्येक प्लगवर 'काढू नये, जोडू नये' अशी चिठ्ठी लावतो आणि केटररच्या मुख्य माणसाला कोणते प्लग त्याचे आहेत ते सकाळीच प्रत्यक्ष दाखवतो.

अर्थिंग तपासून घ्यावे, आणि दिव्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय काम सुरू करू नये. दिव्यांच्या वायरी आणि ध्वनिव्यवस्थेच्या वायरी शेजारी-शेजारी नेल्या, तर स्पीकरमधून घरघर येते. त्या हॉलच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यात, आणि जिथे एकमेकींना ओलांडणे अटळ असेल, तिथे काटकोनात ओलांडाव्यात.

स्टेज आणि त्यामागचा पडदा

प्लायवूडचा पत्रा आठ फूट बाय चार फूट असतो, म्हणून स्टेजचे माप चारच्या पटीत धरले की लाकूड, वेळ आणि पैसा तिन्ही वाचतात. हॉलची जमीन सपाट असेल आणि पाहुणे खुर्च्यांवर बसणार असतील, तर साठ फूट खोल हॉलला दोन ते अडीच फूट उंची पुरते. त्याहून उंच स्टेज छायाचित्रात भव्य दिसतो, पण कमी उंचीच्या छताखाली त्यावर उभ्या राहिलेल्या माणसांची डोकी पंख्यांना भिडल्यासारखी वाटतात, आणि आशीर्वाद द्यायला येणाऱ्या आजी-आजोबांना प्रत्येक पायरी जड जाते. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते, म्हणजे दोन फूट उंचीच्या स्टेजला चोवीस फूट लांबीचा उतार हवा. मुंबईतल्या हॉलमध्ये एवढी सलग जागा क्वचितच मिळते, तेव्हा बाजूच्या भिंतीला लागून मध्ये सपाट टप्पा देऊन तो काटकोनात वळवता येतो. पायऱ्यांच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवावी. दिवे मंदावल्यावर तिचे मोल कळते.

स्टेजवर सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे वधूवरांचा सोफा मागच्या पडद्याला टेकवून ठेवणे. असे केले की समोरच्या दिव्यांनी पडलेल्या सावल्या पडद्यावर उभ्या राहतात आणि माणसे पडद्यावर चिकटवल्यासारखी सपाट दिसतात. सोफा पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे घेतला, तर सावल्या मागे जमिनीवर पडतात, पडद्याला वेगळा प्रकाश देता येतो आणि वरून-मागून येणाऱ्या दिव्यालाही जागा मिळते. स्टेज मुळातच बारा फूट खोल असेल, तर फुलांची भव्य कमान कमी करावी, पण ही मोकळी जागा सोडू नये, असे माझे मत आहे. डेकोरेटरशी यावरून थोडी हुज्जत घालावी लागली तरी ती घालावी.

पडद्याचे कापड निवडताना ते दिव्याखाली कसे वागते ते पाहावे. मोतिया किंवा पांढरट कापड पडेल तो रंग घेते, त्यामुळे एकाच पडद्याला सकाळी केशरी आणि संध्याकाळी निळे-जांभळे करता येते. गडद मखमल प्रकाश गिळते आणि पुढच्या माणसांना उठाव देते. सॅटिनची चमक डोळ्यांना सुखावते, पण तिच्यावर समोरून दिवा पडला की मधोमध पांढरा डाग दिसतो. अशा कापडाला खालून किंवा बाजूने प्रकाश द्यावा.

चेहऱ्यांवरचा प्रकाश

हॉलमधल्या माणसांचे चेहरे नीट दिसत नसतील, तर बाकीची सगळी योजना फुकट आहे. पाठ्यनियम असा, की मुख्य दिवा चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांवर आणि वरून पंचेचाळीस अंशांत असावा. नाट्यगृहात ते जमते, हॉलमध्ये छत आडवे येते. समजा, स्टेज दोन फुटांचा आणि उभ्या माणसाचा चेहरा त्यावर पाच फुटांवर, म्हणजे जमिनीपासून सात फुटांवर आहे, आणि स्टँडवर दिवा बारा फुटांपर्यंत चढवता येतो. पंचेचाळीस अंश साधायचे, तर दिवा चेहऱ्यापासून अवघ्या पाच फुटांवर येईल आणि सर्वांच्या नजरेत घुसेल. म्हणून तीस अंशांवर समाधान मानावे. मग दिवा साधारण साडेआठ-नऊ फुटांवर, स्टेजच्या जरा पुढे, पण मधोमध न ठेवता दोन्ही टोकांना उभा करता येतो. तो बाजूला असल्यामुळे चष्म्याच्या काचांवर त्याची तिरीप येत नाही, आणि आपल्याकडे आशीर्वाद द्यायला येणाऱ्यांपैकी निम्मे चष्मेवाले असतात.

अंतराबाबत एक नियम कायम लक्षात ठेवावा : दिव्याचे अंतर दुप्पट झाले, की उजेड निम्मा होत नाही, एक चतुर्थांश उरतो. त्यामुळे स्टँड नऊ फुटांवरून अठरा फुटांवर सरकवण्याआधी दिव्यात तेवढी ताकद आहे का, ते पाहावे.

पांढऱ्या प्रकाशालाही रंग असतो आणि तो केल्व्हिनमध्ये मोजतात. हॅलोजनचा उबदार प्रकाश ३२०० केल्व्हिनच्या आसपास असतो, दिवसाउजेडाचा साधारण ५६०० केल्व्हिन. दिवसाच्या लग्नात खिडकीतून येणारा उजेड आणि स्टेजवरचा पिवळसर दिवा एकाच चेहऱ्यावर पडले, की कॅमेऱ्यात अर्धा चेहरा निळा आणि अर्धा केशरी उमटतो. यावर उपाय दोनच : एकतर खिडक्या जाड कापडाने पूर्ण बंद कराव्यात, नाहीतर खिडकीचा उजेडच मुख्य मानून स्टेजवरचे दिवे त्याच्याशी जुळते घ्यावेत. अर्धवट ओढलेले पडदे कोणत्याच बाजूचे नसतात.

त्वचेसाठी लाल, हिरवा, निळा यांच्या मिश्रणातून बनवलेला पांढरा कधीही वापरू नये, कारण तो डोळ्याला पांढरा वाटला, तरी त्यात सावळा, गव्हाळ वर्ण राखी दिसतो. खरी उबदार पांढरी एलईडी असलेले, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० किंवा त्याहून अधिक असणारे दिवे चेहऱ्यांसाठी मागावेत. रंगीत दिवे भिंतींसाठी ठेवावेत.

पैठणी, हळद आणि मुंडावळ्या

कपड्यांचे रंग आधी विचारून घेणे हा प्रकाशयोजनेचाच भाग आहे. हिरव्या शालूवर लाल प्रकाश टाकला, तर तो काळपट दिसतो. हळदीचा पिवळा रंग निळा प्रकाश परत फेकत नाही, म्हणून हळदीच्या कार्यक्रमाला निळे दिवे लावले, की हळद लागलेले गाल मळल्यासारखे दिसतात; तिथे अंबर (पिवळसर-केशरी) किंवा फिका गुलाबी वापरावा. पैठणीची जर धातूची असल्यामुळे तिची झळाळी प्रकाशाच्या कोनावर अवलंबून असते. समोरून सपाट उजेड दिला, की पदरावरचे मोर कापडात बुडून जातात. तोच दिवा स्टेजच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर नेऊन ठेवला, की नवरीने हात हलवताच पदरावर चमक धावत जाते. एखाद्या पैठणीवर हे एकदा घरी टेबललॅम्प फिरवून पाहावे; सांगून पटणार नाही, इतका फरक दिसतो.

मुंडावळ्यांचा प्रश्न बारीक आहे आणि बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दिवा फार वरून आला, तर मोत्यांच्या सरांच्या सावल्या गालांवर उभ्या रेघांसारख्या पडतात आणि छायाचित्रात त्या व्रणांसारख्या दिसतात. एक दिवा समोरून खाली, पांढऱ्या कापडावर किंवा फोमशीटवर आपटवून त्याचा मऊ उजेड चेहऱ्यावर परत घेतला, की या रेघा जातात.

अंतरपाट दूर होताना

संपूर्ण लग्नात प्रकाशाने खरोखर काही करायचे असेल, तर ते या एका क्षणी करावे. गुरुजींशी आधी बोलून मंगलाष्टके किती आहेत ते विचारावे आणि आपली क्यू शीट (कोणत्या क्षणी कोणते दिवे बदलायचे याची यादी) त्यांच्या क्रमावर लिहावी. पहिले मंगलाष्टक सुरू झाले, की प्रेक्षकांवरचे दिवे आठ-दहा सेकंदांत निम्म्यावर आणावेत, पूर्ण अंधार करू नये, कारण लोकांच्या हातांत अक्षता असतात आणि मुले इकडेतिकडे फिरत असतात. स्टेजवर चेहऱ्यांवरचा प्रकाशही थोडा उतरवावा. अंतरपाटावर मागून-वरून एक उबदार दिवा असावा. कापड पातळ असेल, तर त्यावरचे कुंकवाचे स्वस्तिक उजळून दिसते. 'तदेव लग्नं' सुरू होताच हात कन्सोलवर (दिवे चालवण्याच्या फलकावर) ठेवावा, आणि अंतरपाट हलू लागला, की तीन सेकंदांत समोरचे दिवे वर न्यावेत, झटक्यात नव्हे. याच वेळी मागच्या दिव्यांची खरी किंमत कळते. समोरच्या उजेडात अक्षता दिसतच नाहीत. मागून येणाऱ्या प्रकाशात मात्र तांदळाचा प्रत्येक दाणा हवेत चमकतो आणि काही क्षण नवरा-नवरी त्या चमचमणाऱ्या पावसात उभे असल्यासारखे दिसतात. यासाठी वेगळे मशीन लागत नाही, स्टेजच्या मागच्या कोपऱ्यांत, दहा-अकरा फूट उंचीवर, खाली रोखलेले दोन दिवे पुरतात.

दिव्यांचे पत्ते (कन्सोलने दिवा ओळखायचे क्रमांक) आदल्या दिवशीच कागदावर मांडून ठेवावेत. कन्सोलवरून दिव्यांना आज्ञा पोहोचवण्याच्या पद्धतीला डीएमएक्स म्हणतात आणि तिच्या एका लाइनमध्ये ५१२ चॅनेल असतात. आठ चॅनेलचा दिवा असेल, तर पहिल्याचा पत्ता १, दुसऱ्याचा ९, तिसऱ्याचा १७ असे क्रमाने द्यावेत. माइकची केबल डीएमएक्ससाठी वापरू नये, आणि शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला जोडायचा रोधक) लावावा. दिवे आपोआप लुकलुकू लागण्याचे कारण पुष्कळदा या दोहोंपैकी एक असते.

भिंती, छत आणि एलईडी वॉल

भिंतींना खालून प्रकाश देताना दिवे साधारण सहा-आठ फुटांच्या अंतराने आणि भिंतीपासून फूटभर दूर ठेवावेत. चकचकीत टाइल्स असतील, तर दिवा आरशात दिसावा तसा दिसतो. तिथे आधी कापड सोडावे, मग दिवा लावावा. रंग दोनच ठेवावेत आणि त्यातला एक प्रमुख असावा. छत पांढरे असेल, तर त्याचा उपयोग करून घ्यावा : दोन-तीन उबदार दिवे छताकडे वळवले, की संपूर्ण हॉलभर सावली न पाडणारा मंद उजेड पसरतो आणि ट्यूबांची उणीव भासत नाही.

एलईडी वॉल, म्हणजे स्टेजमागचा मोठा डिजिटल पडदा, हल्ली सर्रास मागितली जाते. ती असेल, तर ती स्टेजवरची सर्वांत उजळ वस्तू होणार हे आधीच धरून चालावे आणि तिचे तेज वीस-तीस टक्क्यांवर उतरवावे, नाहीतर तिच्यापुढे बसलेली माणसे काळ्या आकृत्या होतात. तिच्या ठिपक्यांमधले अंतर जितके मिलिमीटर, तितके मीटर तरी पहिली रांग दूर असावी.

आग आणि पाऊस

डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल आवारातल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. सजावटीचे काम करणाऱ्या प्रत्येकाने ती घटना डोळ्यांपुढे ठेवावी. पडदे अग्निरोधक प्रक्रिया केलेले घ्यावेत, होमाभोवती चारी बाजूंनी आणि वरही पाच फूट तरी काहीही लटकू देऊ नये, तापणारा दिवा कापडाला टेकवू नये, आणि विजेच्या आगीसाठी कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे स्टेजच्या दोन्ही बाजूंना, माणूस नेमून ठेवावे. धुराचे मशीन लावण्याआधी हॉलमध्ये स्मोक डिटेक्टर आहेत का, ते विचारावे. ड्राय आइसचा धूर जमिनीलगत साचतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच असतो, म्हणून बंद, खालच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये तो मी वापरत नाही.

जिमखान्याच्या मैदानावर किंवा गच्चीवर काम असेल, तर जून ते सप्टेंबर आयपी ६५ दर्जाचेच (धूळ आणि पाण्यापासून सुरक्षित) दिवे घ्यावेत, सगळे जोड लाकडी ठोकळ्यांवर जमिनीपासून वर उचलून ठेवावेत, आणि समुद्राच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याचा विचार करून ट्रसला (दिवे टांगायच्या धातूच्या सांगाड्याला) वजन बांधावे.

जेवणाची बाजू आणि बाहेरची वाट

पंगतीवर किंवा बुफेवर रंगीत प्रकाश अजिबात नको. हिरव्या-निळ्या उजेडात पुरणपोळीही शिळी दिसते. तिथे उबदार पांढरे दिवे टेबलांच्या वरून द्यावेत, आणि वाढणाऱ्याची सावली ताटावर पडणार नाही अशा बेताने ते त्याच्या पाठीमागे न ठेवता समोर ठेवावेत.

आणि शेवटी, दिव्यांची वाटणी करताना एक दिवा चपलांच्या जागेसाठी राखून ठेवावा. हॉलमधल्या मंद प्रकाशातून बाहेर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची नजर अजून सरावलेली नसते, त्यांना आपला जोड ओळखायचा असतो, वाकायचे असते आणि लगेच जिना उतरायचा असतो. तिथे उबदार, भरपूर उजेड असावा, आणि तो सर्वांत शेवटी विझवावा.